पाहुण्यांचं नेट: तार की हवा?

नारायणगावातून खोडदच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागांच्या आणि टोमॅटोच्या मांडवांच्या वर एक भली मोठी जाळीदार तबकडी दिसू लागते. थोडं पुढे गेलं की दुसरी, मग तिसरी. ही जीएमआरटी, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एका चौरस किलोमीटरात आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या चौदा-चौदा किलोमीटरच्या भुजांवर, शेतामळ्यांतून विखुरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि चिकाटीतून ती उभी राहिली आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी जगभरच्या वैज्ञानिकांना अर्पण झाली.

पाहुण्यांसाठी घरात कोणतं इंटरनेट घ्यावं, या प्रकरणात दुर्बीण कशाला, असं वाटेल. पण तार आणि बिनतार यांतला फरक जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला शिकायचा असेल, तर त्याच्या शेजारीच त्याची सगळ्यांत मोठी शाळा आहे. आकाशातून येणारे रेडिओतरंग इतके क्षीण असतात की चंद्रावर कोणी एक साधा मोबाईल चालू ठेवला, तर तो इथल्या दुर्बिणीला आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांपैकी एक दिसेल. म्हणूनच ही जागा निवडताना पुण्या-मुंबईच्या रेडिओ गोंगाटापासूनचं अंतर आणि भोवतालच्या डोंगरांचा आडोसा पाहिला गेला. आवारात गेलं की मोबाईल बंद करायला सांगतात, तेही याचसाठी. पुणे-नाशिक अतिजलद रेल्वेची आखणी या भागातून जात होती, तेव्हा दुर्बिणीच्या बाजूने हरकत आली आणि रेल्वेला दुसऱ्या मार्गाचा विचार करावा लागला. हवा ही सगळ्यांच्या वाट्याची जागा आहे, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यात अडथळा आणतं, ही गोष्ट इथे रेल्वेच्या नकाशापर्यंत जाऊन पोचली.

आता त्याच दुर्बिणीच्या आत काय चालतं ते पाहा. तबकडी तरंग पकडते हवेतून. पण पकडलेला संदेश तबकडीपासून खोडदच्या मध्यवर्ती इमारतीपर्यंत जातो तो जमिनीखालच्या काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून. चौदा किलोमीटरवरच्या तबकडीचाही. रेडिओचं ज्ञान ज्यांना सगळ्यांत जास्त, त्यांनी स्वतःच्या घरापर्यंतच्या वाटेसाठी हवा निवडली नाही, काच निवडली. ज्याला पर्यायच नाही तेवढाच टप्पा बिनतार ठेवला.

या दोन तालुक्यांतल्या कुठल्याही घरासाठी माझं म्हणणं यापेक्षा वेगळं नाही. ‘वायर घेऊ की वायरलेस?’ हा प्रश्न आपण एकच समजतो, पण ते दोन प्रश्न आहेत. इंटरनेट गावातून घराच्या भिंतीपर्यंत कसं येतं, हा पहिला. भिंतीपासून पाहुण्याच्या हातातल्या फोनपर्यंत कसं जातं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शक्य असेल तिथे काच. दुसऱ्याचं उत्तर भिंती कशाच्या आहेत त्यावर.

पाहुणे कोण, हे आधी ठरवायला हवं. जुन्नरला २०१८ साली विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज एकाच तालुक्यात. शेजारच्या आंबेगावात डिंभ्याचं धरण, आहुप्याचा कडा, भीमाशंकरची वाट. त्यामुळे राहण्याची सोय असलेली शेतघरं आणि कृषी पर्यटन केंद्रं या पट्ट्यात वाढली. हे झाले पैसे देऊन राहणारे पाहुणे. दुसरे घरचेच, म्हणजे गावच्या यात्रेला, उन्हाळ्याच्या सुट्टीत, भाऊबीजेला मुंबई-पुण्याहून येणारे मामा, आत्या आणि त्यांची मुलं. आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर एक तिसरा प्रकार रुजला: लॅपटॉप घेऊन येणारा, शुक्रवारपर्यंत गावातून काम करणारा आणि शनिवार-रविवार डोंगर चढणारा पाहुणा. ‘मामी, वायफायचा पासवर्ड काय?’ हा प्रश्न तिघांचाही सारखाच, पण गरज वेगळी.

एकदा आकडा मांडून पाहू. सणाला घरात चौदा माणसं आहेत. हॉलमधल्या टीव्हीवर अतिस्पष्ट, म्हणजे फोर-के चित्रपट लागला तर सेकंदाला साधारण १५ मेगाबिट लागतात. दोन मुलं फोनवर पूर्ण एचडी काहीतरी बघतायत, प्रत्येकी ५. दोघे जण कामाच्या व्हिडिओ कॉलवर, प्रत्येकी ४ धरा. एकूण ३३. बाकीचे व्हॉट्सअॅपवर, ते फार खात नाहीत. म्हणजे १०० एमबीपीएसचा साधा प्लॅन चौदा माणसांना पुरून उरतो. तरीही नेट बसतं, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. कारण बहुतेक वेळा दोष प्लॅनचा नसतो. तो वरच्या दिशेच्या वेगाचा असतो किंवा घरातल्या वायफायचा.

वरची दिशा म्हणजे घरातून बाहेर जाणारा डेटा, अपलोड. याकडे कोणी पाहत नाही. पाहुणे दिवसभर नाणेघाटात फिरतात, शे-दोनशे फोटो आणि व्हिडिओ काढतात, संध्याकाळी घरी येतात. फोन वायफायला जोडला गेला की तो मालकाला न विचारता सगळं गुगल फोटोजवर नाहीतर आयक्लाउडवर चढवू लागतो. असे आठ फोन एकाच वेळी जोडले गेले की वरची वाट भरते, आणि त्याच वेळी कॉलवर असलेल्या माणसाचा आवाज तुटतो. खाली येणारा वेग भरपूर दिसत असतो, म्हणून कुणाला कारण उमगत नाही. फायबरच्या बऱ्याच घरगुती प्लॅनमध्ये वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेग सारखाच मिळतो. टॉवरवरून येणाऱ्या बिनतार जोडणीत वर जाण्याचा वेग खाली येण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. लॅपटॉपवाल्या पाहुण्यासाठी हा एकच फरक निर्णायक आहे.

आता फायबर घरापर्यंत येतं कसं ते पाहू. गावातल्या किंवा जवळच्या एक्स्चेंजमधल्या यंत्रातून एक काचेचा तंतू निघतो, वाटेत एका छोट्या डबीत तो ३२ किंवा ६४ घरांसाठी वाटला जातो आणि शेवटची बारीक ड्रॉप केबल आपल्या भिंतीवर येते. सध्या बहुतेक ठिकाणी वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत त्या एका तंतूवरून खाली सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट आणि वर १.२५ गिगाबिट जातात, आणि ते या घरांत वाटले जातात. पण खरी मोलाची गोष्ट दुसरीच आहे. एक्स्चेंज आणि आपलं घर यांच्यामध्ये विजेवर चालणारं एकही यंत्र नसतं. वाटणी करणारी डबी म्हणजे नुसती काच. गावात लाइट गेली तरी एक्स्चेंजला वीज असेल आणि घरातल्या डबीला बॅटरी असेल, तर नेट चालू राहतं.

इथे केबलवाल्याला एक प्रश्न जरूर विचारावा: ‘काच घरापर्यंत आहे, की खांबापर्यंत?’ काही स्थानिक केबलवाले फायबर चौकातल्या खांबापर्यंत आणतात, तिथे पेटीत विजेवरचा स्विच बसवतात आणि पुढे तांब्याची वायर ओढतात. जाहिरातीत दोन्हीला फायबरच म्हणतात. पण खांबावरच्या पेटीची वीज गेली की अख्खी आळी बंद पडते, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्या तांब्याच्या वायरीतून धक्का येऊन राउटर जळतो. काचेतून वीज वाहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ज्या पट्ट्यात दुपारनंतर आभाळ भरून येतं, तिथे हा गुण सेकंदाच्या मेगाबिटांपेक्षा मोठा आहे. मात्र ड्रॉप केबलला ओढ सोसण्यासाठी एक पोलादी तार जोडलेली असते. ती तार बाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडायला सांगावी आणि घरात फक्त काचेची दोरी घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

काचेचे शत्रू वेगळे. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी हा पहिला. लेण्याद्री-भीमाशंकरच्या बाजूला माकडं हा दुसरा. उसाच्या पट्ट्यात, म्हणजे विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांच्या परिसरात, तिसरा शत्रू आहे पाचट. गावठाणातून मळ्यातल्या घरापर्यंत केबल न्यायची तर ती उसाच्या कडेने जाते. तोड झाल्यावर कोणी पाचट पेटवलं की केबल वितळते आणि आतली काच तुटते. जमिनीत वरच्या वर पुरली तर रोटाव्हेटरच्या पात्यात सापडते. म्हणून मळ्यापर्यंतची केबल जाड काळ्या पाइपात घालून, बांधाच्या कडेने, नांगराचा फाळ पोचणार नाही इतकी खोल न्यावी. त्या पाइपात एक जास्तीची रिकामी दोरी ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी केबल बदलताना उकरावं लागत नाही. घरातल्या डबीवर लाल दिवा लागला की प्रकाश येत नाही, केबल कुठेतरी तुटली आहे असं समजावं. त्यावर राउटर बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही, जोडणाऱ्यालाच बोलवावं लागतं. पाहुणे यायच्या आठवड्यात हे घडलं तर काय, याचं उत्तर आधीच हाताशी हवं. ते पुढे येतं.

बिनतार पर्याय हा आता पूर्वीसारखा डोंगलचा उरलेला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एअरटेलने आणि गणेशचतुर्थीला जिओने एअरफायबर नावाची सेवा सुरू केली. गच्चीवर एक डबी लावायची, ती फाइव्ह-जी टॉवरकडे तोंड करून बसते आणि खाली घरात वायफाय मिळतं. नावात फायबर असलं तरी घरापर्यंत येते ती हवाच. खांब नाही, खोदाई नाही, दोन दिवसांत जोडणी. ज्या मळ्यापासून सर्वांत जवळचा खांब दीड-दोन किलोमीटरवर आहे, तिथे ही सेवा खरोखर उपकारक आहे, आणि मी तिला नावं ठेवणार नाही.

पण तिच्या मर्यादा या भूभागात जास्त ठळक होतात. फाइव्ह-जीचा मोठा वेग देणारा पट्टा ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तो रुंद आहे, पण डोंगर आणि दाट झाडी त्याला अडवते. टॉवर आणि गच्ची यांच्यामध्ये डोंगराची एक सोंड आली की डबीवर एखादी रेघ उरते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा डोंगराच्या कडेने वळून जास्त आत पोचतो, पण तो अरुंद आहे, वेग कमी देतो. शिवाय नव्याने सुधारलेली जीएमआरटी साधारण १२० ते १,४५० मेगाहर्ट्झ ऐकते आणि तिचा एक पट्टा ५५० ते ८५० चा आहे. म्हणजे मोबाईलला डोंगरात जो पट्टा सोयीचा, त्याच पट्ट्यात दुर्बीण आकाश ऐकत असते. एकाच हवेतल्या या ओढाताणीत गावकरी आणि शास्त्रज्ञ दोघांची गरज खरी आहे, आणि घरापर्यंत आलेला काचेचा प्रत्येक तंतू ती ओढाताण तेवढी कमी करतो.

दुसरी मर्यादा गर्दीची. टॉवरची क्षमता त्या टॉवरखाली उभ्या असलेल्या सगळ्यांत वाटली जाते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीसाठी शिवनेरीच्या पायथ्याशी लोटणारा जनसागर, अंगारकीला ओझर-लेण्याद्रीची रीघ, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरच्या वाटेवरच्या गाड्या. आपल्याकडे पाहुणे येतात ते नेमके याच दिवशी. म्हणजे घरातली मागणी आणि टॉवरवरची मागणी एकाच दिवशी टोकाला जाते. काचेच्या जोडणीवर त्या दिवशी आपल्या वाट्याला आलेली ३२ किंवा ६४ घरं तेवढीच राहतात, किल्ल्यावर कितीही माणसं चढोत.

म्हणून माझा सल्ला असा: जिथे घरापर्यंत काच येऊ शकते तिथे तीच मुख्य, आणि मोबाईलचं सिम घालता येणारा एक छोटा राउटर आडवेळेसाठी. लाल दिवा लागला, की तो चालू करायचा. जिथे काच येत नाही तिथे एअरफायबर मुख्य, पण ते घेण्याआधी रविवारी दुपारी, गर्दीच्या वेळी, गच्चीवर उभं राहून त्याच कंपनीच्या फोनवर वेग मोजून पाहायचा. मंगळवारी सकाळी मोजलेल्या आकड्याला काही किंमत नाही.

विजेचं एकत्रच सांगतो. फायबरची डबी आणि राउटर मिळून साधारण एका एलईडी दिव्याएवढी, दहा-पंधरा वॅट वीज घेतात आणि दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी घरचा मोठा इन्व्हर्टर अडवायची गरज नाही. बाजारात राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास काढतो. घेताना डबी आणि राउटर या दोघांनाही वीज देणारा घ्यावा. एकालाच दिली तर दुसरा बंद पडून काही उपयोग होत नाही. आणि खोडदच्या परिसरात, किंवा दुर्बिणीच्या भुजा जिथून जातात त्या वाड्यांमध्ये राहत असाल, तर अॅडॉप्टर चांगल्या प्रतीचा घ्या. घरचं वायफाय २,४०० आणि ५,००० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, ते दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पट्ट्याबाहेर आहे. पण हलक्या प्रतीचे चार्जर आणि सैल जोडांवर ठिणग्या टाकणाऱ्या विजेच्या तारा खालच्या पट्ट्यांत गोंगाट करतात. असा सैल जोड दिसला तर वायरमनला सांगून घट्ट करून घेणं घरासाठीही बरं आणि दुर्बिणीसाठीही.

पश्चिमेकडे, आहुपे, घाटघर, हातवीज अशा सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावांत, चित्र वेगळं आहे. पावसाळ्यात तिथे वीज दिवसेंदिवस जाते, टॉवरची बॅटरी संपते आणि रेंजसाठी एखाद्या ठरावीक टेपावर जावं लागतं. ग्रामपंचायतींपर्यंत काच नेण्याचं सरकारी काम २०११ साली मंजूर झालं, २०१५ पासून त्याला भारतनेट म्हणतात, आणि २०२३ मध्ये त्याला नवा, मोठा निधी मिळाला. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात काच आली म्हणजे दोन किलोमीटरवरच्या वाडीत ती आली असं होत नाही. हा शेवटचा टप्पा गावातल्याच तरुणाने घ्यायचा आणि बिलातला वाटा मिळवायचा, अशी बीएसएनएलची उद्यमी योजना आहे. आदिवासी पट्ट्यातल्या एखाद्या मुलाने हे काम उचललं तर पाहुण्यांची सोय होईलच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला पक्की जोडणी मिळेल. ग्रामसभेत हा विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

उपग्रहाचं इंटरनेट हा या माथ्यावरच्या गावांसाठी पुढचा पर्याय म्हणून सांगितला जातो. स्टारलिंकला २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला. त्याला खांब किंवा टॉवर लागत नाही, पण मोकळं आकाश आणि वीज लागतेच. शिवाय रेडिओ खगोलशास्त्राला त्याची वेगळी काळजी आहे. नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीने या उपग्रहांकडून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये नकळत बाहेर पडणारे तरंग पकडल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. जीएमआरटीच्या सर्वांत खालच्या पट्ट्याचा काही भाग त्यातच येतो. डोंगरांचा आडोसा जमिनीवरच्या टॉवरपासून वाचवतो, डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहापासून नाही. पक्की जोडणी येईपर्यंत अशा माथ्यावरच्या गावात राहण्याची सोय करणाऱ्याने एकच करावं: पाहुण्याला फोनवरच सांगावं की इथे नेट मिळणार नाही, आणि रेंज कुठल्या टेपावर येते तेही सांगावं. कामाचा लॅपटॉप घेऊन येणारा येणार नाही. पण जो येईल तो हे माहीत असून येईल.

आता दुसरा प्रश्न. भिंतीवरच्या डबीपासून पाहुण्यापर्यंत. इथे वायफाय असणारच, कारण फोनला वायर लावून कोणी बसत नाही. पण वायफायचा तरंग किती खोल्या पार करतो, हे घर कशाचं आहे त्यावर ठरतं. जुन्नर शहरातल्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, पश्चिमेकडच्या कुडामातीच्या भिंती, नव्या घरांचे सळईचे स्लॅब, आणि पाहुण्यांसाठी शेतात उभारलेल्या पत्र्याच्या खोल्या, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. दगड तरंग शोषतो. माती आणि वीट ओली झाली की जास्त शोषते, म्हणून मे महिन्यात मागच्या खोलीत मिळणारी रेंज ऑगस्टमध्ये मिळत नाही. पत्रा तर तरंग आरशासारखा परतवतो.

पत्र्याचं समजतं, पण जाळीचं? इथे पुन्हा खोडदला जावं लागेल. त्या ४५ मीटरच्या तबकड्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नाही. पोलादाच्या बारीक तारांची जाळी आहे, आणि तिची भोकं १० ते २० मिलिमीटरची आहेत. वारा आरपार जातो, म्हणून तबकडी हलकी ठेवता आली आणि खर्च वाचला. पण २१ सेंटिमीटरच्या तरंगाला ती जाळी अखंड आरसाच दिसते, कारण भोक तरंगाच्या लांबीपेक्षा खूप लहान आहे. हाच नियम घरात लावा. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा तरंग सुमारे १२.५ सेंटिमीटर लांब, ५ गिगाहर्ट्झचा सुमारे ६ सेंटिमीटर. बिबट्याच्या भीतीने या भागात खिडक्यांना, पडवीला, गोठ्याला लोखंडी जाळ्या लागल्या आहेत. दोन इंची भोकांच्या जाळीतून वायफाय बऱ्यापैकी निघून जातं. पण डासांसाठी त्यावर बारीक धातूची जाळी ठोकली, तर ती खिडकी वायफायसाठी पत्र्याची भिंत होते. पाहुण्यांच्या खोलीत रेंज का येत नाही याचं कारण कितीदा तरी एवढंच असतं. नायलॉनची डासजाळी लावा, प्रश्न मिटतो.

बिबट्याचा उल्लेख निव्वळ जाळीपुरता नाही. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे आणि उसाच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर पाहुण्याने रेंज शोधत अंगणात, बांधावर फिरू नये, हे प्रत्येक यजमान सांगतो. नुसतं सांगून भागत नाही. रेंज खोलीतच मिळाली तर माणूस खोलीत राहतो. मळ्यात पाहुणे ठेवणाऱ्याने याकडे सुरक्षेची बाब म्हणून पाहावं.

ती रेंज खोलीत नेण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे रिपीटर, भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचा. साधा रिपीटर ज्या हवेतून ऐकतो त्याच हवेतून बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो, आणि तो जिथे आधीच रेंज कमी आहे तिथे लावला तर कमी झालेलंच पुढे वाटतो. त्याऐवजी मुख्य डबीपासून पाहुण्यांच्या खोलीपर्यंत एक लॅन वायर ओढा आणि तिच्या टोकाला स्वतंत्र वायफायची डबी लावा. लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते. खोल्या वेगळ्या इमारतीत असतील, मध्ये मोकळं अंगण असेल, तर तिथे तांब्याऐवजी पुन्हा काचच न्यावी, वीज पडण्याच्या कारणाने. ३०० एमबीपीएसचा प्लॅन दरमहा घेण्यापेक्षा ही एकदाची वायर जास्त कामाची. दोन डब्या झाल्या की २.४ गिगाहर्ट्झवर दोघींना वेगळे चॅनेल द्यावेत. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि कामाचं टेबल, या जागेवर बसून राहणाऱ्या गोष्टी. त्यांना वायरच द्यावी. त्या हवेतून उतरल्या की फोनसाठी हवा मोकळी होते.

राहिला पासवर्ड. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादमधल्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्यात राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या घरातल्या उघड्या वायफायवरून. मेल त्याने लिहिलेला नव्हता, पण तपास आधी त्याच्या दारात आला, कारण जोडणी त्याच्या नावावर होती. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय कुलूपबंद ठेवण्याच्या सूचना काढल्या. पाहुण्यांना नेट देणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी. जोडणी ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

आजकालच्या जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. ती चालू करावी. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि एका फोनला दुसरा फोन दिसू नये अशी खूण सेटिंगमध्ये असते, तीही लावावी. घरचे कॅमेरे, मुलांचा कॉम्प्युटर हे मुख्य नेटवर्कवर राहतील. गेस्ट नेटवर्कला वर जाण्याच्या वेगाची मर्यादा घालता आली तर तीही घालावी, म्हणजे फोटो चढण्याने कोणाचा कॉल तुटणार नाही. घरचे पाहुणे असतील तर पासवर्ड वर्षातून एकदा बदलला तरी चालतो. पैसे देऊन राहणाऱ्यांसाठी तो दर हंगामाला बदलावा आणि कोण कधी राहिलं याची नोंदवही नीट ठेवावी. ज्यांच्याकडे रोजची ये-जा मोठी आहे, त्यांच्यासाठी २०२० च्या डिसेंबरमध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात दुकानदाराला किंवा यजमानाला परवाना न घेता वायफाय देता येतं, आणि पाहुणा स्वतःच्या मोबाईल नंबरवर ओळख पटवून जोडला जातो. ओळख ठेवण्याचा भार आपल्यावर राहत नाही.

लॅपटॉपवाल्या पाहुण्याच्या टेबलाजवळ भिंतीत एक लॅनचा सॉकेट काढून ठेवावा. नव्या लॅपटॉपना लॅनचं भोकच नसतं, म्हणून दोन मीटरची वायर आणि यूएसबी-सीला लागणारी छोटी जोडणी टेबलाच्या खणात ठेवावी, आणि पासवर्डच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावं: ‘व्हिडिओ कॉलसाठी खणातली वायर वापरा.’